दुष्काळातली खडी

सोजरबाईला राग यायला निमित्त फारसं लागत नसे, पण त्या दिवशी ती परक्या बाप्यांसमोर पदर खोचून उभी राहिली, हे मात्र नवं होतं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत तिच्या लेकाच्या, भीमाच्या घरात पुढच्या खोलीत सगळे ट्रकमालक दाटीवाटीनं बसले होते. साल चौऱ्याहत्तर. तेल आधीच भडकलेलं, आणि त्यात सरकार डिझेलवर रस्त्यांसाठी जादा कर बसवणार अशी बातमी. गाड्या बंद ठेवायच्या की मुकाट्यानं कर भरायचा, एवढाच प्रश्न होता. बंद ठेवा म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज भीमाचा.

"कर आपन भरायचा आनि पैसा त्यांनी खायचा! रस्त्यावर एक पाटी खडी पडायची न्हाय, सांगून ठेवतो."

चहा घेऊन आलेली सोजरबाई उंबऱ्यातच थांबली. "का पडायची न्हाय?"

"आये, तू आत जा."

"जात न्हाय. खडी कुनी फोडलीया? तुज्या पुढाऱ्यानं? आमी फोडलीया!"

खरंच होतं ते. बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याच्या पुढं, तिच्या बोरमाळ गावच्या रस्त्यावर, गावातल्या झाडून सगळ्या बायकांनी खडी फोडली होती. उन्हातान्हात, सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन, बोटांना चिंध्या गुंडाळून. रस्त्याच्या कडेनं ढीग लागले, पाऊसपाणी झालं, दुष्काळ संपला आणि काम जागच्या जागी थांबलं. डांबराला पैसा नाही, म्हणाले. तिच्या शेजारी बसून फोडणाऱ्या सोनाबाईच्या डोळ्यात कपची उडाली होती. बैलगाडीतून सांगोल्याला नेईपर्यंत डोळा कामातून गेला. रस्ता असता, एस्टी असती तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाला. सोजरबाई त्या डॉक्टरवरही अजून चिडून होती. असलं खरं बोलून माणसाच्या जखमेवर मीठ कशाला चोळायचं?

"खडी हाय. नुस्तं डांबर पायजे," ती ट्रकवाल्यांना म्हणाली. "खड्ड्यात पाटे मोडून घेता, टायर फाडून घेता, तवा दुखत न्हाय. कराचं नाव काडलं की लगीच पोटात कळ येती व्हय रं?"

काहीजण हसले. युनियनचे म्होरके शिवलिंगप्पा मात्र हसले नाहीत. वयानं मोठा कानडी माणूस, थोरल्या बाईला अव्वा म्हणणारा, बोलणं मोजकं. "अव्वा म्हंत्यात ते खोटं न्हाय," ते म्हणाले. "रस्ता फुकट कोन देनार? भरू कर. पन अव्वा, रस्ता न्हाय झाला तर तुमाला इचारू."

"इचारा की. सोजरबाईचा शब्द हाय."

बंद बारगळला. कर लागू झाला. ट्रकवाले डिझेल भरताना तिच्या नावानं बोटं मोडायचे आणि वरून तिला रामराम घालायचे. सोजरबाई कुणाचंच मनावर घेत नव्हती, कारण तिला बोरमाळचा रस्ता दिसत होता.

वर्षभरात रस्त्यांची कामं निघाली. एका बड्या कंत्राटदाराच्या हाताखाली मोहोळकडच्या रस्त्याला खडी पोचवायचं काम भीमालाच मिळालं. कराच्या नावानं शंख करणारा भीमा गप्प झाला. मोहोळजवळच्या खाणीतनं खडी उचलतो, म्हणायचा. "आनि बोरमाळचा रस्ता?" ती विचारायची. "त्यो बी हाय यादीत. धीर धर की, आये." तिनं देवापुढं साखर ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात ती जत्रेला गावी गेली. एस्टीनं फाट्यावर सोडलं. तिथून चालताना तिच्या लक्षात आलं, कडेचे ढीग नाहीत. तिचं काळीज सुपाएवढं झालं. म्हणजे खडी पसरली! आता पुढं डांबर लागेल म्हणून ती चालत राहिली. गाव आलं तरी पायाखाली तोच फुफाटा आणि तेच खड्डे.

सोनाबाई दारातच भेटली.

"सोने, खडी कुटं गेली गं?"

"आता गं बाय! तुज्या भीमानंच नेली की. मशिनीत डांबर लावून आनतो म्हनला. आमीच पाट्या भरून दिल्या. लई गुनाचं पोरगं, मला मावशी मावशी म्हनत हुतं. देवळामागचे ढीग राहिल्यात, गुरवारी येतो म्हनलाय."

सोजरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोहोळजवळची खाण कुठली, ते तिला कळलं. सोनाबाईला सांगायला मात्र जीभ उचलेना. लाज वाटली. जत्रा संपली तरी ती सोलापूरला परतली नाही, गुरुवारची वाट बघत राहिली.

गुरुवारी ट्रक आला. बायका पाट्या घेऊन जमलेल्या. भीमानं केबिनमधून उडी मारली आणि आईला बघून त्याचा चेहरा उतरला.

"ही खडी कुटं चाललीया?"

"आये, हळू बोल." त्यानं तिला बाजूला घेतलं. "मोहोळच्या रस्त्याला."

"आनि तितं खानीतली म्हून पैसं उचलतूस?"

"सरकारचीच खडी सरकारला दिली. कुनाच्या बापाचं काय गेलं? पडूनच हुती की हितं!"

"आनि हितला रस्ता?"

भीमा जमिनीकडे बघत म्हणाला, "त्यो झाला म्हून लिवलंय वर, सरकारी कागदात. कंत्राटदारानं." मग एकदम उसळला, "मी बैठकीत बोललो नव्हतो का, पैसा खात्यात म्हून?"

"बोलला हुतास. तू खाशील ते न्हाय बोललास!"

"मी न्हाय तर दुसरा कुनी खाईल."

"दुसऱ्याला मी दूध न्हाय पाजलं." आता तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, आणि तो ऐकू जावा असंच तिला वाटत होतं. "बायांनो, रस्ता हुनार न्हाय. झाला म्हून लिवून टाकलंय. ही खडी मोहोळला चाललीया, आनि इकनारा माजा ल्योक हाय!"

कुंपणानंच शेत खाल्लं, आणि ते कुंपण तिनंच लावलेलं. ती ढिगावर चढली आणि बसली. खडी टोचत होती.

"आये, ऊठ. काम जाईल माजं."

"भर की. आदी मला भर पाटीत. मी बी दुष्काळातलीच हाय, माजं बी बिल लाव!"

भीमानं आजूबाजूला पाहिलं. बायका हलेनात. त्यानं सोनाबाईकडे आशेनं बघितलं. "मावशे, तू तरी सांग हिला."

सोनाबाईनं धड असलेला डोळा त्याच्याकडे वळवला. मग हातातली पाटी पालथी घातली.

"मला मावशी म्हनू नगंस," ती म्हणाली, आणि ढिगावर जाऊन सोजरबाईला खेटून बसली.

मग बाकीच्याही आल्या. भीमानं ट्रकचा मागचा फाळका लावला आणि रिकामी गाडी खड्ड्यांतून खडखडत फाट्याकडं गेली. ती दिसेनाशी झाल्यावर सोजरबाई रडली, आणि रडतानाही पोराला शिव्याच देत होती.