भाडं कुणाच्या नावावर

विरूपाक्षचा फोन आला तेव्हा अंबिका अर्धापूरच्या आपल्या पॅकहाऊसमध्ये केळीच्या फण्या धुवायच्या हौदापाशी उभी होती. विरूपाक्ष मूळचा उदगीरचा. आता न्हावाशेवा बंदरावर निर्यातीची कागदपत्रं बघायचा. एरवी तो आधी घरच्यांची खुशाली विचारायचा. आज विचारली नाही.

"अक्का, कंटेनर तिकडं उतरून चार दिवस झाले. अजून कुणी सोडवला न्हाई."

"का?"

"जहाजाचं भाडंच कुणी भरलं न्हाई."

अंबिकाला उलट हायसं वाटलं. आखातातल्या व्यापाऱ्याशी तिचं लेखी ठरलं होतं. माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च तिचा, भाडं माल पोचल्यावर तो देणार.

"ते त्यानं भरायचंय, अण्णा."

"तो सौदा तुमच्या दोघांतला. जहाज कंपनीच्या कागदावर माल पाठवणारी म्हणून तुमचं नाव हाय. त्यानं न्हाई भरलं तर कंपनी तुम्हालाच धरणार. भाडं, कंटेनर थंड ठेवायच्या विजेचे रोजचे पैसे, बंदराच्या जागेचे. माल सडला तर फेकायचा खर्चबी."

"भाडं किती?"

विरूपाक्षनं आकडा सांगितला. ठरला होता त्याच्या तिप्पट. जहाज वाटेत असतानाच त्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले होते आणि कंपनीनं दर वाढवले होते.

तिनं व्यापाऱ्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मेसेज पाठवला, त्याच्यावर निळ्या खुणा आल्या, म्हणजे त्यानं वाचला. पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं तर त्याचा फोटो गायब होता. आता मेसेज जातच नव्हते.

अंबिका खोक्यांच्या चळतीवर बसली. दीड हजार खोकी, त्यातली निम्मी एकट्या सिंधुताईच्या शेतातली. गावचा व्यापारी बांधावर येऊन रोख द्यायला तयार होता. त्याला सोडून सिंधुताईनं माल हिच्या हवाली केला होता, हिच्या शब्दावर. भाड्याचं काय, असं तिनं तेव्हा विचारलंही होतं. 'ते घेणाऱ्याकडं,' असं अंबिकानं ठणकावून सांगितलं होतं. कागद तिनं वाचला होता. पण त्यातलं आपलं नाव कशासाठी आहे, हे तिला कळलंच नव्हतं.

आणि नेमकी सिंधुताई फाटकातून आत येत होती.

"उद्या सकाळी सातला माणसं सांगितलीत कटाईला," ती म्हणाली. "दुसऱ्या कंटेनरची खोकी आली का?"

हो म्हणावं, असं अंबिकाला वाटलं. एक दिवस तरी मिळेल. पण घड एकदा झाडावरून उतरला की परत लावता येत नाही. तिनं सगळं सांगितलं.

सिंधुताईनं पदरानं मान पुसली.



"केळी चांगली हायेत का अजून?"

"हाव. कंटेनर थंड हाय तवर टिकतील. आठ-दहा दिवस."

"मंग आत्ता माल कुणाचा हाय? त्याचा का आपला?"

अंबिका थबकली. माल सोडवायचा मूळ कागद व्यापाऱ्यानं उरलेले पैसे दिल्यावर पाठवायचा होता. तो अजून तिच्याच कपाटात होता.

"आपला."

"मंग दुसऱ्याला इक की बाई."

विरूपाक्षनं संध्याकाळपर्यंत आखातातल्या त्याच बंदरावरचा एक दुसरा व्यापारी गाठला. तो माल घ्यायला तयार होता, कमी भावानं. अट एकच, भाडं आधी इकडून भरलेलं पाहिजे. म्हणजे आणखी रक्कम त्याच समुद्रात टाकायची. ह्यानंही उद्या फोन बंद केला तर?

तेवढे पैसे तिच्याकडे नव्हते. लातूरला सासऱ्यांना, मडिवाळप्पांना, फोन करण्याआधी ती तीनदा नंबर काढून थांबली. त्यांचा डाळीचा व्यापार, आणि हा केळीचा धंदा सुनेनं एकटीनं उभा केलेला. अप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दुसरा तरी खरा हाय का?"

"मला म्हाईत न्हाई, अप्पा."

मग ते म्हणाले, "सकाळी बँक उघडली की पाठवतो."

पैसे जमा झाले आणि ती भाडं भरणार तोच अनोळखी परदेशी नंबरावरून फोन आला. पहिला व्यापारी. आवाज अगदी मऊ होता. भाडं मी भरतो, तू फक्त माल सोडवायचा तो कागद आज पाठव, असं तो हिंदीत म्हणत होता. मग आवाज न चढवताच त्यानं सांगितलं की इथल्या बाजारात त्याला सगळे ओळखतात, दुसऱ्या कुणाला दिलास तर पुन्हा तुझा एकही घड इथं विकला जाणार नाही.



"पहले भाडा और बाकी पैसा," ती म्हणाली. "फिर कागज."

त्यानं फोन ठेवला. तासभर तिनं वाट पाहिली. काहीच आलं नाही. मग तिनं भाडं भरलं.

चौथ्या दिवशी दुसऱ्या व्यापाऱ्याचे पैसे बँकेत दिसले, तेव्हा तिनं कागद पाठवला. त्या कंटेनरमध्ये तिला काही उरलं नाही, उलट पदरचेच गेले. सिंधुताईला ठरलेला भाव मिळाला, महिनाभर उशिरानं. तिची दुसरी कटाई ट्रकनं दिल्लीला गेली.

अप्पांनी आपल्या पैशांचं नावही काढलं नाही. त्याचंच तिला जास्त दडपण यायचं.

दोन महिन्यांनी नवा सौदा ठरत होता. घेणारा म्हणाला, भाडं माल पोचल्यावर देतो. अंबिकानं नाही म्हटलं. भाडं जहाज सुटायच्या आधी, नाहीतर घड झाडावरच राहतील. तो म्हणाला, विचार करून सांगतो.

ती बाहेर आली. सिंधुताई शेतातून फोन करून विचारत होती, माणसं सांगू का?

"आजचा दिवस थांबा, ताई," अंबिका म्हणाली. "घेणाऱ्याचं भाडं आलं की मीच सांगते."