आधी काच की आधी टप

दिवाळे गावात खाडीकाठी गोजराबाईचं खळं होतं. शेणानं सारवलेलं, ताटासारखं सपाट. तिची सासू तिथं जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकवायची, सासूची सासूही तिथंच. आणि त्या खळ्यावर आमची पांढरी सरकारी गाडी तिसऱ्यांदा येऊन उभी राहिली होती. कारण एवढंच, की अख्ख्या गावात गाडी लावायला तितकी स्वच्छ जागा दुसरी नव्हती.

मी विलास, नव्या शहराच्या ऑफिसात कारकून. साल एक्क्याऐंशी, शिमगा दोन आठवड्यांवर. आमच्या साहेबांचं नावच रावसाहेब, त्यामुळे शिपाई त्यांना 'रावसाहेबसाहेब' म्हणायचा आणि ते त्यांना आवडायचं. काम साधं होतं. खळ्यावरून रस्ता जायचा होता. फॉर्मात एक रकाना होता, 'जागेचा प्रत्यक्ष वापर'. तिथं 'पडीक' लिहिलं की खळं गेलं. 'वापर चालू' लिहिलं की रस्त्याला वळसा, म्हणजे नकाशा बदला. आणि नकाशा साहेबांनी स्वतः काढलेला.

पहिल्या दोन्ही खेपांना साहेबांनी गाडी बरोबर मधोमध लावायला सांगितली, खाली उतरून चौफेर बघितलं आणि मला म्हणाले, "लिही. पडीक. वाहने उभी करण्यासाठी वापर." गाडी उभी म्हणून जवळा पसरता येत नाही, आणि जवळा नाही म्हणून जागा पडीक. ऑफिसात यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. त्या दिवशी शेवटचा पंचनामा होता. पंचांच्या सह्या झाल्या की विषय संपला.

साहेब टेप आणि शिपाई घेऊन धक्क्याकडे मापं घ्यायला गेले. जाताना त्यांनी गाडी लॉक केली आणि चावी खिशात टाकली. आमचा ड्रायव्हर दत्तू मागच्या खेपेला गाडी घेऊन बेलापूरला भजी खायला गेला होता, तेव्हापासून चावी साहेबांच्याच खिशात.

तेवढ्यात गोजराबाई आली. डोक्यावर जवळ्याची पाटी, मागं पाटीवाल्या आणखी दोघी. होडी नुकतीच लागली होती.

"दत्तूदादा, गाडी काढ," ती म्हणाली.

"चावी साहेबांकडं आहे."

"साहेब कंदी येल?"

"तासभर तरी जाईल, बाई."

"तासाभरात माजा जवला नासंल."

दत्तूनं खांदे उडवले. गोजराबाईनं पाटी खाली ठेवली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टपावर हात ठेवला. ऊन मी म्हणत होतं, पत्रा तव्यासारखा तापला होता. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी तेव्हा राग समजलो. नंतर कळलं, ती जवळा किती वेळात सुकेल याचा अंदाज घेत होती.

"खल्यापेक्षा बरा हाय," ती म्हणाली आणि पहिली ओंजळ टपावर पसरली.

"ओ बाई, काय करताय? सरकारी गाडी आहे ती," दत्तू म्हणाला.

"गाडी सरकारची. खाली खलं माज्या सासूचं. माज्या खल्यावर जे उभं ऱ्हाईल त्यावर जवला सुकंल. उद्या तू उभा ऱ्हायलास तर तुज्या बी टकल्यावर सुकवीन."

दत्तू डोक्यावरची टोपी चाचपत मागं सरकला.

पाच मिनिटांत टप, बॉनेट, डिकी सगळं गुलाबी दिसायला लागलं. तिघींनी हातानं अगदी सारखं करून पसरलं होतं, एकावर एक थर नाही. मला ते बघायला आवडलं, हे मी ऑफिसात कधी बोललो नाही.

मग कावळे आले.

आता दिवाळ्यात रीत अशी, की सुकत्या जवळ्याला राखण बसलीच पाहिजे, आणि सगळ्या गावाची राखण शेवंताबाईकडे. साठीची बाई, हातात लांब काठी, बसायला लाकडी पाट. ती होडीत ज्या बाजूला बसेल तिकडं होडी कलायची. राखण खळ्याच्या मधोमध बसते, म्हणजे चारी बाजूंना काठी पोचते. हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं. तिनं गाडीकडं बघितलं. आज खळं वर गेलं होतं, तर राखणही वर जाणार, यात तिला विचार करण्यासारखं काहीच दिसलं नाही.

"पाट दे गं वर," ती म्हणाली. दोघींनी तिला बॉनेटवरून ढकलत चढवलं. टपाच्या मधोमध जवळा बाजूला सारून तिनं पाट मांडला आणि बसली.

"डबाक," टप म्हणाला.

"काय वाजला?" शेवंताबाईनं विचारलं.

"काय नाय मावशी, पत्रा बसला जरासा," खालून पंढरी म्हणाला. पंढरी होड्या दुरुस्त करायचा. तो कानावर पेन्सिल खोचून तमाशा बघायला आला होता. त्यानं टपाच्या कडेला बोटाच्या पेरानं टकटक केलं. "ह्यो टप आज जानार."

"टपाला काही होत नाही," दत्तू म्हणाला. "गेली तर काच जाईल. सतरा वर्षं गाडी चालवतोय मी. पनवेलच्या पुढं घाटात एवढासा खडा लागला, तर अख्खी काच साखरेसारखी मांडीत आली."

"खडा येगला, वजन येगलं. पत्रा वाकतो. काच वाकत नाय. जो वाकतो तो आधी जातो."

"काच."

"टप."

"बोंबलाची जुडी लाव."

"दोन जुड्या लावतो."

खरंच लावल्या. शेवंताबाई वरून म्हणाली, "मी वर बसलेय, माजा बी इचार करा कोनी," आणि काठीनं एक कावळा हाणला. टप परत डबाक झाला. जवळा चारी बाजूंनी हळूच तिच्याकडं सरकला.

साहेब परत आले तेव्हा तासाचे दोन तास झाले होते. ते लांबच थांबले. मग टेप शिपायाच्या हातात देऊन चालत आले.

"खाली उतरा," ते म्हणाले.

"उतरते की," शेवंताबाई म्हणाली. "जवला सुकू दे. ऊन चांगलं हाय. तुजी गाडी लय गुनाची, बाबा."

"गोजराबाई, यांना खाली उतरवा."

"तुमी गाडी खाली उतरवा साहेब, आमच्या खल्यावरनं. मग मावशी उतरंल."

साहेबांनी चावी काढली, कुलूप उघडलं आणि दार ओढलं. दार आलं नाही. टप बसला होता, दाराची चौकट तिरकी झाली होती. दत्तूनं ओढलं, मी ओढलं. दुसऱ्या बाजूचंही तेच. सगळ्या बायका शांतपणे बघत होत्या. कुणी हसलं असतं तर साहेबांना बरं वाटलं असतं.

मग साहेबांनी बूट न काढता बॉनेटवर पाय दिला.

"साहेब, नका," दत्तू म्हणाला.

"मी स्वतः उतरवतो त्यांना." ते जवळ्यावरून घसरत वर गेले आणि दोन्ही पायांनी टपावर उभे राहिले. शेवंताबाईचा दंड धरायला वाकले.

पंढरीनं कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. दत्तू पुढच्या काचेसमोर उकिडवा बसला, म्हणजे नीट दिसावं.

टप एकदम खाली गेला. आवाज मोठा नव्हता, रिकामं पीप चेपल्यासारखा. साहेब गुडघ्यापर्यंत खोलगटात, शेवंताबाई त्यांच्या शेजारी, पाट अजून तिच्या खालीच. सगळे तसेच राहिले. मी तीनपर्यंत मोजलं असेल. मग पुढची काच भरर्कन खाली आली, बॉनेटभर, जवळ्यावर, बारीक दाण्यांसारखी.

गोजराबाई बॉनेटकडं धावली. ओंजळीत जवळा उचलला, उन्हात धरला. त्यात काच चमकत होती. तिनं ओंजळ हळूच परत खाली ठेवली.

"आज पाटीभर मासा गेला माजा," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

शेवंताबाईला चौघींनी उतरवलं. साहेब आपले आपण उतरले, पँट झटकली आणि मला म्हणाले, "विलास, कागद घे. दोन्ही एकातच लिही, जागेचा पंचनामा आणि गाडीचा." मी मांडीवर फळी घेतली.

"सदर जागा पडीक," साहेब सांगायला लागले. "उन्हामुळे गाडीची पुढची काच तडकून फुटली. काचेचा आधार गेल्याने टप खाली बसला. त्यानंतर स्थानिक महिलांनी गाडीवर मासळी टाकली."

माझं पेन 'तडकून'वर अडखळलं. साहेबांनी झकास बांधलं होतं. काच आधी गेली तर दोष उन्हाचा, आणि खळं पडीकच. टप आधी गेला तर वर वजन होतं. वजन म्हणजे राखण, राखण म्हणजे जवळा, जवळा म्हणजे वापर चालू. पिढ्यान्‌पिढ्यांचं खळं आता एवढ्यावर येऊन थांबलं होतं, की आधी काच की आधी टप.

गोजराबाईलाही ते कळलं. ती फॉर्म शिकलेली नव्हती, पण डोकं माझ्याहून तेज होतं.

"साहेब, हिकडं या," ती म्हणाली. तिनं बॉनेटवरचा जवळा हातानं उलटा केला. वर काचेचे दाणे, खाली जवळा, त्याखाली स्वच्छ पत्रा. "काच आधी फुटली असती तर जवल्याखाली असती. जवला आमी मागनं टाकला म्हनता ना? दावा एक दाना खाली."

साहेबांनी बघितलंसुद्धा नाही. "ड्रायव्हर सरकारी साक्षीदार आहे," ते म्हणाले. "तो काचेसमोरच बसला होता. दत्तू, आधी काय गेलं?"

सगळे दत्तूकडं वळले. त्याचं सोपं होतं. 'काच' म्हटलं की साहेब खूश, दोन जुड्या बोंबील घरी, आणि मघापासून तोंडानं तो तेच म्हणत होता. गोजराबाईनं त्याला विनवलं नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

दत्तूनं टोपी काढली, टकलावरून हात फिरवला, परत घातली.

"टप," तो म्हणाला.

"नीट आठव."

"आठवतंय साहेब. तुमचा उजवा पाय पडला तेव्हा टप गेला. काच नंतर. पैज हरलो मी. उगाच खोटं बोललो तर पंढरी परत माझ्याशी पैज लावणार नाही, आणि मला मासे आवडतात."

"तुझी बदली करीन."

"करा. जिथं पाठवाल तिथंही टपच आधी जाईल."

साहेब माझ्याकडं वळले. "तू लिही मी सांगितलं ते."

"लिहितो साहेब," मी म्हणालो, "पण पंच सही करणार नाहीत. पंच म्हणून पंढरी आणि शेवंताबाईच घ्यायचेत, नावं तुम्हीच काल टाकलीत."

"मी अंगठा देनार नाय," शेवंताबाई म्हणाली. "कंबर धरलीय माजी, त्यात खोटं कुठं लिवू."

पंचांशिवाय पंचनामा नाही, आणि पंचनाम्याशिवाय मोडकी गाडी ऑफिसात नेणं म्हणजे साहेबांना स्वतःच उत्तर द्यावं लागणार. त्यांनी नकाशाची गुंडाळी हातात फिरवली. मग मला पाठमोरे होऊन म्हणाले, "लिही काय लिहायचं ते."

मी लिहिलं. सदर खळ्यावर नेहमीप्रमाणे जवळा सुकत असताना, राखण करणाऱ्या महिलेसह अधिकारी टपावर गेल्याने प्रथम टप बसला, मागून काच फुटली. प्रत्यक्ष वापर चालू. शेवंताबाईचा अंगठा उमटला त्यात एक जवळाही चिकटून आला. मी तो काढला नाही.

दारं उघडत नव्हती, म्हणून साहेबांना पुढच्या काचेच्या भोकातून आत जावं लागलं, डोकं आधी. पाय शिपायानं ढकलले. आत टप इतका खाली होता की मान वाकवूनच बसावं लागलं. दत्तूही तसाच शिरला आणि गाडी सुरू केली.

मागं गोजराबाई केरसुणी घेऊन काच गोळा करायला लागली होती. दुसऱ्या बाईनं खळं परत सारवायला शेणाची पाटी आणली.

"साहेब," गोजराबाईनं पुढं येऊन खिडकीशी वाकून सांगितलं, "परत आलात तर चालत या. खल्यावर उद्यापासून जागा नसंल."