फुकटचा भराव

एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी चौतीस वर्षं काढली. ग्रीस, जळकं ऑइल, प्रवाशांनी खिडकीतून केलेल्या ओकाऱ्या, सगळं या हातांनी पुसलं. मला कशाची किळस येत नाही, असं मी बायकोला फुशारकीनं सांगायचो. गेल्या भादव्यात गावाकडच्या नदीकाठी उभा राहिलो आणि सकाळचा चहा तिथंच ओकलो.

जामखेडच्या पुढं आमचं गाव. मी नगरला, सावेडीत फ्लॅटमध्ये राहतो. गावची पाच एकर चुलतभाऊ गहिनीनाथ कसतो. रान थेट नदीला भिडलेलं. त्याच्या आदल्या वर्षीच्या पुरात आमचा काठ ढासळला आणि एक मोठी घळ लिंबोणीच्या बागेपर्यंत आत आली. गहिनीचा फोन आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

"दादा, औंदा काय केलं न्हाई तर फुडच्या पावसात लिंबोनी जाती बघा."

"मग कर काहीतरी."

"मानसं कुठं हायत? समदी ऊसतोडीला गेली."

"माणसं लागणार नाहीत असं काहीतरी बघ," मी म्हणालो.

आठवड्याभरात त्यानं बघितलं. एक टेम्पोवाला फुकट भराव आणून टाकायला तयार होता. पाडलेल्या घरांचा राडारोडा, आणि त्यासोबत कुठल्या कुठल्या चिकनच्या दुकानांची घाण. "वरून माती लोटली की कळत न्हाई," गहिनी म्हणाला. त्यानं मोबाईलवर फोटोही पाठवला. विटांचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये दबलेल्या फुगीर गोण्या. मी मॅच बघत होतो. अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि पुन्हा मॅचकडे वळलो.

भादव्यात नदी दोन दिवस दुथडी वाहिली. तिसऱ्या दिवशी गहिनीचा फोन. "तुमी आत्ताच्या आत्ता या. लोकं अंगावर येत्यात."

रस्त्यावरूनच वास आला. आधी वाटलं, कुठं जनावर मेलंय. काठाशी गेलो तर घळ पुन्हा उघडी पडलेली, आधीपेक्षा दुप्पट रुंद. पाण्यानं माती धुऊन नेली होती आणि फाटलेल्या गोण्या कडेला लोंबत होत्या. त्यांतून काळं पाणी गळत होतं. बाभळींना पिसं चिकटलेली, ओली, लगदा झालेली. कोंबड्यांचे पाय, आतडी, लहान मुलांचे वापरलेले डायपर. एका गोणीचं तोंड हलल्यासारखं वाटलं म्हणून वाकून पाहिलं. आत अळ्या होत्या. मूठभर नव्हे, गोणीभर. तिथंच मी ओकलो.

गहिनी लांब उभा होता, तोंडाला उपरणं लावून. "खाली चला," तो म्हणाला. "काकूनं बोलावलंय."

आमच्या खालच्या अंगाला, त्याच काठाला झुंबरकाकूचं रान. काकू आमच्या भावकीतली, सत्तरीची, एकटी राहते. तिच्या बांधावर पाऊल टाकलं आणि मी काठाकडे बघतच राहिलो. तिचा काठ जागेवर होता. पाण्याच्या रेषेपासून वरपर्यंत निरगुडीची दाट रांग, पुरानं एका बाजूला झोपवलेली, पण मुळं घट्ट धरून. तिच्या पायाशी नवा गाळ साचला होता. काठाला काही झालं नव्हतं. झालं होतं ते विहिरीला.

काकू विहिरीपाशी बसली होती. मला बघून उठली, पोहरा आत सोडला, वर ओढला आणि माझ्यासमोर ठेवला. पाण्यावर तेलकट साय होती. त्यात पिसं तरंगत होती.

"घे," काकू म्हणाली. "लांबून आलाय. तहान लागली आसंल. पी."

मी एक पाऊल मागं सरकलो.

"पी की रं. तुझ्याच रानातलं हाय."

"काकू, मला यातलं काही माहीत नव्हतं," मी म्हणालो. "गहिन्यानं मला विचारलंच नाही. मी तिकडं नगरला असतो."

हे मी गहिनीच्या समोर बोललो. तो माझ्याकडे बघेल, भांडेल, असं मला वाटलं. त्यानं खाली बघितलं, उपरणं खांद्यावर टाकलं आणि बांधानं निघून गेला. काकू त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. आदी घान काढ. बाकीचं मागनं बोलू."

त्या दिवशी मी सावेडीला परतलो नाही. जेसीबीवाला माळावर खड्डा खणून द्यायला तयार झाला, पण गोण्यांना हात लावायला कोणी तयार होईना; कोण कशाला होईल? गमबूट आणि रबरी हातमोजे घालून मी घळीत उतरलो. थोड्या वेळानं वर दगड गडगडले. गहिनी उतरत होता. त्यानं गोणीचं दुसरं टोक धरलं. तीन दिवस आम्ही ते उपसलं, ट्रॉलीनं माळावर नेलं, चुना टाकून पुरलं. गोणी उचलली की तळ फाटायचा आणि सगळं पायावर यायचं. दुपारची भाकरी हातात धरवायची नाही. साबणानं पाच वेळा हात धुतले तरी नखांत तो वास असायचाच. पण खरं सांगतो, गोण्यांची किळस दुसऱ्या दिवशी बोथट झाली. शेजारी न बोलता राबणाऱ्या माणसाकडे बघून स्वतःची जी शिसारी यायची, ती नाही झाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकूच्या ओट्यावर गेलो. म्हणालो, "काकू, मी खोटं बोललो. गहिनीनं मला विचारलं होतं. फोटोही पाठवला होता. मीच हो म्हटलं."

काकू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हाईत हाय मला. तू यायच्या आदीच त्यानं मोबाईल दावला हुता. तुझा अंगठा बी दावला."

"मग तेव्हा का बोलली नाहीस?"

"म्या कशापाई बोलू? तुला बोलायचं हुतं. त्याला सांगितलंस का? माझ्याम्होरं त्याला खोटं पाडलंस. आता सांगायचं बी त्याच्याच म्होरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी घळीत, त्याच्यासमोर, मी काकूला ते सगळं पुन्हा सांगितलं. गहिनी म्हणाला, "झालं आता."

मग काकूनं कोयता घेतला आणि स्वतःच्या निरगुडीच्या अंगठ्याएवढ्या जाड काड्या तोडून दिल्या. हातभर लांब, बुंध्याकडून तिरक्या छाटलेल्या.

"ढासळलेली कड आदी उतरती करा, उभी ठिवू नका," ती म्हणाली. "काठ वला हाय तंवर खुपसा. बुंदा खाली, शेंडा वर. दोन वाटं जमिनीत, एक वाटा भाईर."

"कुंपण?" मी विचारलं.

"कशाला? वास कडू हाय. शेरडं तोंड लावत न्हाईत. पानी घालायचं न्हाई, राखायचं न्हाई. पूर आला की वाकती, गेला की उठती. म्या एकलीनं लावली ही समदी, कंबर धरलेली आसताना."

"आम्हाला आधी का सांगितलं नाहीस?"

"इचारलं कुनी?"

अर्ध्या दिवसात दोघांनी दोनशेच्या वर काड्या खुपसल्या. अर्धा दिवस, दोन माणसं. फुकटच्या भरावापेक्षा याला कष्ट कमी पडले, हे लक्षात आलं तेव्हा मला हसूही आलं नाही.

वरच्या ओळीतल्या बऱ्याच काड्या उन्हाळ्यात वाळल्या. खालच्या फुटल्या. लिंबोणीची एक पूर्ण ओळ नदीनं नेली, ती गेलीच. गहिनी आता माझ्याशी कामापुरतं बोलतो. मीही जास्त अपेक्षा करत नाही.

वैशाखात आम्ही काकूची विहीर उपसली, गाळ काढला, पाणी तपासायला दिलं. पाणी पिण्यालायक असल्याचा कागद आला, तो मी तिला वाचून दाखवला. तिनं घडी घालून डब्यात ठेवला. प्यायचं पाणी मात्र ती अजून गावातल्या टाकीवरून आणते. मी गावी असलो आणि ती डोक्यावर हंडा घेऊन बांधानं येताना दिसली की लिंबोणीत आत सरकतो, ती घरात जाईपर्यंत.