पांढऱ्या कठड्यापासून पुन्हा

ऐका, मधे कोणी बोलायचं नाही, नाहीतर माझी लिंक तुटेल. त्या दिवशी सकाळपासून वारा समोरून. झुळूक नाही हां, वारा! सरळसोट रस्ता, दोन्हीकडे कापून मोकळी झालेली शेतं, आडोशाला एक झाड नाही. उतारावरसुद्धा पॅडल मारायला लागत होतं, बोला! सगळ्यात हलका गिअर, दातांत धूळ, तळहात बधिर, सीटवर बसवत नव्हतं नि उभं राहवत नव्हतं. फिरायला निघालेले एक आजोबा मागून चालत आले आणि विचारतात, "पंक्चर झालंय का गं?" म्हटलं, "नाही आजोबा, चालवतेय." "असं होय," म्हणाले आणि पुढे निघून गेले. पुढे!

तेवढ्यात हॉर्न. बघते तर आमच्या दादाचा टेम्पो. तो दुकानातून फ्रिज, वॉशिंग मशीन घरोघर पोचवतो ना, तोच उंच, बंद डब्याचा टेम्पो. त्याने काच खाली केली.

"काडे, चढ." मी काडीसारखी, म्हणून त्याची मी काडी.

"तू इथे काय करतोयस?"

"आईने पाठवलंय. रात्रभर झोपली नाही ती. चढ, मागे गोधड्या आहेत, पट्टे आहेत. फ्रिजला ओरखडा येऊ देत नाही मी, तुझ्या सायकलला येईल?"

"आणि बाबा काय म्हणाले?"

दादा जरा घुटमळला. "म्हणाले, अर्ध्या वाटेत कुठेतरी बसलेली सापडेल, उचलून आण."

झालं! माझ्या पायात जो काही जीव उरला होता तो एकदम डोक्यात गेला. उचलून आण? मी काय वॉशिंग मशीन आहे? निघताना मी घरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आजोळच्या गावापर्यंतचा अख्खा रस्ता सायकलने एकटीने करणार. टेम्पोत पाय ठेवला की संपलं, जन्मभर ऐकवलं असतं. म्हटलं, "जा परत."

"मग मी आपला पुढे पुढे हळू चालतो. नजरेसमोर राहशील."

"चाल. रस्ता काय माझ्या बापाचा आहे?"

"माझ्याही बापाचा नाही," म्हणाला आणि एका छोट्या पुलावर, पांढऱ्या कठड्यापाशी, त्याने टेम्पो माझ्या पुढे घातला.

आणि काय सांगू, मी सुटलेच! पाय आपोआप फिरायला लागले. गिअर वाढवला, अजून वाढवला. मला वाटलं, रागाचा चमत्कार! बाबांना मनातल्या मनात भाषण देत होते, टाळ्यासुद्धा पडत होत्या. असं बराच वेळ चाललं. मग एक कुत्रं आडवं आलं, दादाने टेम्पो बाजूला घेतला, आणि थाडकन वारा तोंडावर! सायकल जागच्या जागी उभी.

तेव्हा पेटली माझी ट्यूब. मी कसली सुटले होते? मी त्याच्या डब्यामागे लपून चालले होते!

"दादा! उतर खाली! मुद्दाम केलंस ना?"

"अगं, तुला त्रास नको म्हणून. केव्हापासून दुसऱ्या गिअरमध्ये चालवतोय, इंजिन तापलंय माझं. थँक्यू म्हण."

मी सायकल वळवली.

"ए, हा तर परत घराकडचा रस्ता. कुठे चाललीस?"

"पुलापर्यंत. तिथून परत चालवत येणार."

"वेड लागलंय का? कोण बघतंय इथे?"

"बाबा विचारतील, सगळा रस्ता एकटीने केलास? मग तेवढ्या तुकड्याला काय करू, खोकू?"

तो हसला नाही. म्हणाला, "काडे, तुझे पाय थरथरतायत."

"थरथरू देत. तू इथून हलायचं नाही. माझ्या पुढे आलास तर पुन्हा पुलापासून सुरू करीन, सांगून ठेवते."

जाताना वारा पाठीवर. पॅडल न मारता उडत गेले, आणि तोच खरा छळ होता, कारण उडालेला प्रत्येक वीतभर रस्ता परत तोंडावर घ्यायचा होता. कठड्याला हात लावला. वळले. मग काय विचारता! मान खाली, नजर पुढच्या चाकावर. वाऱ्याला अशा शिव्या दिल्या, अशा दिल्या, की आईने ऐकल्या असत्या तर तिनेच मला टेम्पोत घातलं असतं. दोनदा रडले. रडतानासुद्धा पाय थांबवले नाहीत, कारण थांबले असते तर पुन्हा चढले नसते, हे मला पक्कं माहीत होतं.

दादा टेम्पोला टेकून उभा होता, फोन कानाला. मी दिसताच ओरडला, "आलीस! झालं तेवढं! आता तरी थांब, पाणी पी!"

"थांबू कशाला? गाव पुढे आहे!" मी त्याच्या नाकासमोरून गेले. गोगलगाईच्या वेगाने गेले, पण गेले.

मागे त्याचं बोलणं ऐकू येत होतं. "नाही आई, नाही बसत... अगं बरी आहे, मला शिव्या देतेय म्हणजे बरीच असणार... हो. बाबांना सांग, मी रिकामा टेम्पो घेऊन येतोय."

मग स्टार्टर, मग टेम्पो वळल्याचा आवाज, मग काहीच नाही. मी, रस्ता आणि तो समोरून सुटलेला मेला वारा. ये म्हटलं. ये.