बिनमुदतीचा नवस

“हे घट्टे कशाचे?” डॉक्टर रुचिता कर्णिकांनी जोविटाचा झगा थोडा वर सरकवला आणि दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांखालच्या काळ्या, जाड कातडीवर बोट टेकवलं.

“लादी पुसते ना ती,” तिच्या नवऱ्याने, बॉस्कोने, उत्तर दिलं. “काठीचा पोछा आणून दिलाय, पण वापरेल तर शपथ!”

जोविटाला काहीही विचारलं की उत्तर बॉस्को देणार, हे ठरलेलंच होतं. नौपाड्यातल्या या दवाखान्यात शिरल्यापासून तिचं वय, तिची शुगर, तिची झोप, सगळं त्यानेच सांगून टाकलं होतं. रात्री उठून बसते, गुडघा झोपू देत नाही, हेही. मन वाईट नव्हतं त्याचं. बाळकुमच्या टॉवरांतले पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. पंप काही स्वतःहून बोलत नाही, त्याचं दुखणं आपणच सांगायचं असतं, आणि ही सवय त्याने घरीही आणली होती.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. “उजव्या गुडघ्याची झीज बरीच झालीय. ऑपरेशन इतक्यात नको असेल तर सांध्यात इंजेक्शन देऊन बघू. सूज उतरेल, दुखणं कमी होईल. काहींना दोन-चार महिने आराम पडतो, काहींना त्याहून कमी. ऊठसूट मात्र घेता येत नाही.”

“देऊन टाका,” बॉस्को म्हणाला.

“इंजेक्शन घेतलं तर चालता येईल ना मना?” जोविटाने तोंड उघडलं ते तेव्हा.

“येईल की मावशी. जिनाही चढाल.”

“पायांनी नाय. गुडघ्यांवर.”

बॉस्को हसला. “आता काय रांगणार हाय का तू?”

जोविटा हसली नाही. त्याच्याकडे न बघता ती डॉक्टरांना म्हणाली, “दर महिन्याच्या पयल्या शनिवारी. चर्चच्या दारापासून पार पुढं आल्तारापर्यंत. दुपारी, हा कामावर असतो तवा.”

“कधीपासून?”

“आमचा रॉड्नी पाळण्यात होता तवापासून.”

रॉड्नी आता डोंबिवलीला नोकरी करत होता आणि त्याचे कानाजवळचे केस पिकायला लागले होते. बॉस्कोचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. रॉड्नी पाळण्यात होता ते वर्ष तो कसा विसरेल? दारू पिऊन पिऊन कावीळ झालेली, पोट फुगलेलं, आणि हॉस्पिटलात जोविटाला सांगितलेलं की नातेवाइकांना बोलावून घ्या. त्यातून तो उठला आणि पुन्हा थेंबाला शिवला नाही. ही हकिकत त्याने प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नाला रंगवून सांगितली होती. ‘ना डॉक्टरने, ना फादरने. बॉस्कोने स्वतःच्या हिमतीवर सोडली!’ लोक टाळ्या वाजवायचे, आणि जोविटा तिथेच खाली मान घालून पाहुण्यांना गरम तळलेले फुगे वाढत असायची.

“नवस बोलला होतात?” डॉक्टरांनी हळूच विचारलं. “पण नवसाला मुदत असते ना, मावशी? वर्षाची, पाच वर्षांची.”

“मुदत घालायला पायजे होती. सगळेच घालतात. पण तवा मी इतकी घाबरलेली, कायच सुचलं नाय. म्हटलं, माउली, हा जगेल तितके दिवस मी गुडघ्यांवर येईन. बोलून बसले. आता बोललेलं कसं फिरवू?”

भिंतीचा आधार घेत बॉस्को स्टुलावर बसला. आपण जिवंत आहोत ते कशाच्या जोरावर, हे बायकोच्या तोंडून, तेही परक्या बाईसमोर कळलं होतं.

“कुणाकुणाला ठाऊक हाय?” त्याने विचारलं.

“वाड्यातल्या बायांना. शेजारची जॉर्जिना दाराशी उभी राहते, कोण आलं तर सांगायला.”

“म्हणजे सगळ्यांना. फक्त मला नाय.”

“तुला सांगितलं असतं तर तू करू दिलं असतं का?”

“फादरना तरी विचारायचं. त्यांनी नवसातून सोडवलं असतं.”

“त्यांनी सोडवलं आन् तुला काय झालं, तर फादर काय करणार होते?”

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. “मावशी, स्पष्ट सांगते. इंजेक्शन देईन, पण गुडघ्यांवर चालणं कायमचं बंद. नाहीतर हा गुडघा हातचा जाईल.”

“मग नको.” जोविटाने झगा खाली ओढला आणि पायाने चपला चाचपायला सुरुवात केली.

“नको म्हणजे?” बॉस्को उसळला. “कुणी सांगितलेला हा धंदा तुला? मी मागितलेलं? गावभर मी हिमतीच्या बढाया मारतोय, आन् बाया तोंडाला पदर लावून हसत असतील!”

“कोण नाय हसलं.”

“गेल्या पयल्या शनिवारी गेलेलीस?”

जोविटाची चपला शोधणारी पावलं थांबली. “नाय. तीन महिने झाले. पयल्या बाकापाशीच कोसळले. जॉर्जिनाने घरी आणलं.”

“मग? मी मेलो का?”

“म्हणून तर रात्री उठून बसते,” ती म्हणाली. “तुझा श्वास चालू हाय का बघते.”

रोज रात्री ती उठली की बॉस्को कुशीवर वळायचा आणि झोपेतच ‘मलम लाव’ म्हणायचा. लाज वाटली त्याला, इतकी की डॉक्टरांकडे बघवेना.

“द्या इंजेक्शन,” तो म्हणाला. “मेलो तर मरू दे.”

जोविटाने त्याच्या तोंडावर फाडकन हात मारला. त्याच्या दारूच्या दिवसांतही तिने कधी हात उगारला नव्हता. डॉक्टर दचकल्या. मारणारीही दचकली.

“असलं तोंडातून काढू नको!” तिचा आवाज फुटला.

बॉस्कोने तो हात धरला आणि सोडला नाही. “जोवी, ऐक. हिंमत माझी नव्हती. कबूल. पण गुडघा तुझा हाय ग. उद्या मला खरंच काय झालं तर धावायला कोण हाय? तूच ना? घे इंजेक्शन. मी इथंच बसतो. काय व्हायचं ते तुझ्या डोळ्यांसमोर होऊ दे.”

जोविटाने चपला पायाने मागे सारल्या आणि ती टेबलावर आडवी झाली.

नर्स ट्रे घेऊन आली. “काका, तुम्ही जरा बाहेर बसा.”

“तो इथंच राहील,” जोविटा म्हणाली.

डॉक्टरांनी गुडघा पुसून घेतला. “थोडं टोचेल. बघवत नसेल तर डोळे मिटा.”

जोविटाने डोळे मिटले नाहीत. गुडघ्याकडेही पाहिलं नाही. ती बॉस्कोच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिची दोन बोटं त्याच्या मनगटावर नाडी शोधत होती. सापडली तेव्हा बोटं घट्ट रुतली. सुई आत गेली. जोविटा हलली नाही, बॉस्को मात्र शहारला, तशी तिची बोटं आणखी रुतली.

सुई निघाली, कापूस दाबला गेला, वर पट्टी बसली.

“झालं, मावशी,” डॉक्टर म्हणाल्या. “उठा हळूहळू.”

“थांबा जरा,” जोविटा म्हणाली आणि त्याच्या नाडीवरची बोटं तशीच दाबून ठेवली.