आरशाचं भाडं

"धर वं तिकडून, सांभाळून," कांताबाई म्हणाल्या आणि शेजारच्या मंजुषाने खोक्याचं दुसरं टोक उचललं. आतून बारीक खळखळ आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खोका टेकवला, पट्ट्या कापल्या, थर्माकोल बाजूला केला, तर आरसा वरपासून खालपर्यंत तडकलेला. एका कोपऱ्याचा तर चुराच झाला होता.

कांताबाई चुरा गोळा करू लागल्या.

सिंदी मेघेच्या एका अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांचा सगळा जन्म गेला होता. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, कुणाच्या चड्ड्या धुवायच्या आणि वरून येईल त्या प्रत्येक बाईला 'मॅडम' म्हणायचं. घरात आरसा होता तो खिडकीच्या गजाला अडकवलेला, टिकली सरळ लागली की नाही एवढंच सांगणारा. आता निवृत्ती जवळ आली होती. निरोपाच्या दिवशी निळी साडी नेसून आपण डोक्यापासून पायापर्यंत दिसतो तरी कशा, ते एकदा पाहावं, एवढीच हौस होती. नवऱ्यामागे पोरं मार्गी लावताना स्वतःसाठी काही घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं. हा आरसा पहिलाच.

मंजुषाने फोटो काढले, मोबाईलवरून तक्रार टाकली. आरशाचे पैसे परत मिळतील, फुटका माल ठेवा नाहीतर फेका, असं उत्तर आलं. पण डिलिव्हरी चार्ज मिळणार नाही. मोठा, काचेचा माल म्हणून तो चांगलाच लावला होता.

"फुटका आरसा आनून देला, त्याचं भाडं बी मीच भरू? काऊन?" कांताबाई उसळल्या. मानधन उशिरा आलं, सुट्टीचं कापलं, तरी त्या कधी कुणाला काऊन, का म्हणून, असं म्हणाल्या नव्हत्या. सगळं साचलेलं बहुधा त्या दिवशीच वर आलं. "लाव फोन. मी बोलतो."

फोनवरची मुलगी फार गोड होती. "मॅडम, तुमचा त्रास मी समजू शकते, मॅडम. पार्सल पोचवणाऱ्याच्या हातून नुकसान झालं असेल, तरच डिलिव्हरी चार्ज परत होतो. देताना त्याच्या हातून ते पडलं होतं का, मॅडम?"

कांताबाई घुटमळल्या. आरसा ज्ञानेश्वरने आणला होता. सेलूकडच्या माळी घरातला हा चाळिशीचा माणूस. मोटारसायकलवर आख्ख्या भागाची पार्सलं तोच वाटायचा. घराला कुलूप दिसलं म्हणून तो खोका घेऊन थेट अंगणवाडीत आला होता. मागे उभा बांधलेला, मधे आपली जुनी गोधडी घातलेली. "मावशी, हा उभाच ठेवजा. आडवा नोका ठेवू," असं बजावून, माठातलं पाणी पिऊन तो गेला होता. अंगणवाडी सुटल्यावर खोका घरी आला होता. त्याच्या हातून काही पडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

पण रस्त्यात पडलं नसेल कशावरून? आणि समोर मंजुषा 'हो म्हणा' अशी जोरजोरात मान हलवत होती. शिवाय त्या 'मॅडम'ची गुंगी काही वेगळीच. जन्मभर जो शब्द दुसऱ्यांना दिला, तो आज आपल्याला मिळतोय आणि एवढी शिकलेली पोरगी आपल्या उत्तरासाठी थांबली आहे.

"हो," कांताबाई म्हणाल्या. "पडलं. माह्यासमोरच पडलं."

पैसे आले. सगळे, भाड्यासकट. कांताबाईंना आपण मोठा किल्ला सर केल्यासारखं वाटलं. त्या आनंदात त्यांनी अंगणवाडीतल्या पोरांसाठी बुंदी नेली.

पोरं भिंतीला ओळीने बसून खात होती. पाच वर्षांची आचल बोटं चाटत म्हणाली, "आजी, आमची यष्टी कुठी गेली?"

"कोनती यष्टी वं?"

"तो लंबा खोका! तू खिचडी करून राह्यलती न, तवा आम्ही सारे त्याच्यावर बसलतो. पुलगावले गेलतो. मंग आत कडकन वाजलं, तं आम्ही उतरून गेलो."

कांताबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. खोका त्यांनीच आडवा ठेवला होता. उभा राहिला आणि एखाद्या लेकरावर कलंडला तर, या भीतीने. काचेचा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. इतक्या वर्षांत पोरांपलीकडे काही सांभाळायची सवयच नव्हती. आचलला त्या काय बोलणार? तिच्या द्रोणात त्यांनी आणखी बुंदी घातली.

मग पार्सल घेऊन नवाच माणूस येऊ लागला. "ज्ञानेश्वरभाऊ कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

"त्याची आयडी बंद केली न कंपनीनं, काम गेलं त्याचं. काचेचा माल पाडला म्हने गिऱ्हाइकासमोर. कोनाचा, ते काई सांगतलं नाई. आता वर्ध्याच्या बाजारात भाजी घेऊन बसते तो."

कांताबाईंनी त्याच संध्याकाळी मंजुषाला फोन लावायला लावला. माझं चुकलं, तो माणूस निर्दोष आहे, असं त्या परत परत सांगत राहिल्या. "तुमची तक्रार मिटलेली आहे, मॅडम," पलीकडून उत्तर आलं. "आणखी काही मदत करू का, मॅडम?"

त्या रविवारी कांताबाई वर्ध्याच्या बाजारात गेल्या. भाडं म्हणून आलेले पैसे पदराच्या गाठीला होते. ज्ञानेश्वर भावाच्या वावरातला पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन गोणपाटावर बसला होता. त्यांना पाहून त्याचा चेहरा फुलला.

"जयभीम, मावशी! या, या. आता इथंच बसतो पाहा. माह्या हातून आजवर एक खोका पडला नाई, तरी कोनीतरी नाव लावलं." मग तो हसला. "ते जाऊ द्या. तुमचा आरसा तं बरा निघाला न?"

'निघाला' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याला कधी कळलंही नसतं.

"फुटला होता," कांताबाई म्हणाल्या. "अन् तुह्या हातून पडला, असं मीच फोनवर सांगतलं रे बाबू. तू उभा ठेव म्हनला होता, म्या आडवा ठेवला. पोरं बसली त्याच्यावर. मले मागून समजलं." त्यांनी गाठ सोडून नोटा पुढे केल्या. "हे तुह्ये हाये. घे."

ज्ञानेश्वर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने डब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन पालकावर शिंपडलं. मधेच एक गिऱ्हाईक आलं, त्याला सांभार दिला.

"तुमाले काय पाह्यजे?" त्याने विचारलं.

"पालक दे," कांताबाई म्हणाल्या.

त्याने दोन चांगल्या जुड्या निवडल्या, त्यांची पिवळी पानं खुडली आणि पिशवीत घातल्या. पुढे केलेल्या नोटांतली एक घेतली, बाकीच्या नीट घडी करून त्यांच्या हातात परत ठेवल्या.

"वीस झाले," सुटे शोधत, वर न बघता तो म्हणाला. "हे घ्या तुमचे उरलेले, मॅडम."