विहारातली लाल खुर्ची

माझे गुडघे दोनच, पण त्यांच्यावर बोलणारी तोंडं मोजता येत नव्हती.

आमचे मालक देवराव म्हणायचे, "कांता, चालू नोको. झिजलेलं आनखी झिजते." सून उर्वशी म्हणायची, "आई, चालत राहा, नाही तं पाय आखडतीन." मागच्या घरची तानाबाई म्हणायची, एरंडाची पानं गरम करून बांध. यवतमाळच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि सांगितलं, गादी झिजली आहे, पण ऑपरेशनची घाई नाही. वजन उतरवा, मांड्यांचे व्यायाम करा आणि खाली बसणं बंद करा.

मी अंगणवाडीत जन्म घालवलेली बाई. सांगितलेलं पाळायची मला सवय आहे. पण कोणाचं पाळू? सकाळी उर्वशीसाठी चालायची, दुपारी देवरावांसाठी पडून राहायची आणि दिवेलागणीला तानाबाईची पानं बांधायची. डॉक्टरांसाठी घरात एक लाल प्लास्टिकची खुर्ची घेतली. जेवण खुर्चीवर, भाजी चिरणं खुर्चीवर. तरी गुडघे ठणकायचेच. इतकं सगळं करूनही दुखतं म्हणजे कशानं दुखतं, हेच मला समजत नव्हतं. चिडून एक दिवस मी तानाबाईला म्हटलं, "तुह्या पाल्यानं काही फरक नाही पडून राह्यला." ती नुसती हसली. त्यानंतर ती विहारात वर्षावासाच्या वाचनाला यायचीच बंद झाली.

आमच्या विहारात वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. निवृत्त झाल्यापासून वाचायचं काम माझ्याकडे आहे. पांढरं लुगडं नेसून मी सतरंजीवर बसते, मांडीवर ग्रंथ घेते आणि माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. खरं सांगते, त्या तासापुरतं मला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. घरात माझं कोण ऐकतं? पण या वर्षी समोरच्या रांगा विरळ झाल्या होत्या. आधी तानाबाई गेली, मग आणखी दोन म्हाताऱ्या. मी वाचता वाचता रिकाम्या जागेकडे बघायची. माझा आवाज कंटाळवाणा झाला की माझी जीभच जास्त तिखट झाली, काही कळत नव्हतं.

घाटंजीला सुरभी नावाची व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण आहे. पोरगी चांगली, पण प्रश्न फार विचारते. तिला मी आधी गरम-थंड शेकाचं विचारून घेतलं.

"सुजलं असन तं थंड, आखडलं असन तं गरम," ती म्हणाली.

"अन् दोन्ही असन तं?"

ती हसली आणि माझा पाय हातात घेऊन बघू लागली. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर तिनं अंगठा दाबला. तिथं माझा जुना काळा घट्टा आहे.

"मावशी, खाली बसनं बंद केलं म्हनता. मंग हा घट्टा असा ताजा काहून?"

"बंदच हाये. जेवते बी खुर्चीवर."

"मांडी घालून कुठीच नाही बसत?"

"नाही बाई."

"संध्याकाळी काय करता?"

"विहारात जाते. ग्रंथ वाचते."

"कशावर बसून?"

"मी तिथं बसत नाही," मी म्हटलं, "मी वाचते."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. तासभर मांडी घालून बसायचं, वर वंदनेला गुडघे टेकून कपाळ भुईला लावायचं. ते बसणं असतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. सुरभी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "व्यायाम चालू ठेवा. अन् विहारात खुर्ची न्या."

ते मला जमणार नव्हतं. आमच्याकडे उंच आसनावर बसतात ते फक्त भंते, भिक्खू लोक. सगळा समाज सतरंजीवर आणि मी एकटी वर, माडीवरच्या पाटलिणीसारखी? घरी येऊन मी जाहीर केलं की वाचन सोडलं. मग उर्वशीवर उगाच खेकसले.

संध्याकाळी देवराव बाजेवरून उठले. रोज मला चालू नको म्हणणाऱ्या माणसानं लाल खुर्ची डोक्यावर उलटी घातली आणि तो भर वस्तीतून विहाराकडे चालू लागला. मला काय करावं सुचेना. ओरडायची लाज आणि बसून राहायचीही लाज. शेवटी ग्रंथ उचलला आणि लंगडत त्यांच्या मागं गेले.

विहाराचं बघणारे धर्मपाल उदबत्ती लावत होते. खुर्चीकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि उदबत्तीच लावत राहिले. त्यांना ते बरं वाटलं की वाईट, मला समजलं नाही. मी बसले. बसल्याबसल्याच हात जोडून मान लववली. वंदना झाली. मी वाचायला लागले, पण आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नव्हता.

तेवढ्यात बाहेरून खर्र खर्र आवाज आला. दारात तानाबाई. हातात काठी नाही. स्वतःची खुर्ची पुढं सरकवत, तिच्याच पाठीला धरून ती एकेक पाऊल टाकत आली होती.

"देवराव खुर्ची नेताना दिसले," ती दम खात म्हणाली. "म्हटलं, आता खुर्ची चालत असन इथं."

"तू रागावून येत नव्हती ना?" मी विचारलं.

"कायले रागावू? मले खाली बसली तं उठताच येत नाही. उठवाले दोघं लागतात अन् सारा विहार पाहत राहते." ती माझ्या शेजारी खुर्ची टेकवून बसली. "त्या दोघी बी म्हनूनच घरी हायेत. उद्या आनते त्याईले."

मला हसावं की रडावं कळेना. आपापल्या घरात आम्ही चौघी आपापले गुडघे लपवून बसलो होतो.

"वाच ना," तानाबाई म्हणाली. "पन या वर्षीचं म्या काहीच नाही ऐकलं. पहिल्यापासून वाच."

"आश्विन पौर्णिमा तोंडावर आली," धर्मपाल म्हणाले. "पहिल्यापासून घेतलं तं संपन कसं?"

मी खुणेला घातलेली दोरी काढली आणि पहिलं पान उघडलं.